पसंतीक्रम

आज पाळी आमची. पाचव्या दिवशी येणारं पाणी.
पावणेदोनला सुटेल असं चावीवाला म्हणालाय,
म्हणजे अडीच धरायचे.
घागरी रांगेत. मी उंबऱ्यावर.
हिची आई पंखा बंद करून बसलीय,
पंख्यानं तंबाखू उडते;
हजारातल्या सव्वादोनशे विड्या राहिल्यात तिच्या.
आणि स्रवंती मोबाइलच्या उजेडात
विद्यापीठाचा फॉर्म भरतीय.

'पसंतीक्रम एक, नान्ना. वाचून दाखवू?'
दाखव.

मृदा आणि जलसंधारण.
गवताळ प्रदेश आणि वन्यजीव.
औद्योगिक प्रदूषण व सांडपाणी—
इथं आवाज जरा हळू झाला तिचा,
झोपलेल्या माणसाला ओलांडताना पाऊल होतं तसा,
आणि अंगठा पुढं सरकला.

माझ्या लक्षात आलं. न यायला काय झालं?
एकतीस वर्षं डाइंगमध्ये काढलीत.
कुठल्या चादरीची ऑर्डर सुरू आहे
ते माझ्या नखांवर वाचता येतं.
मागचा नाला सोमवारी कुसुंबी, गुरुवारी मोरपंखी,
टॉवेलांचा हंगाम असला की शाईसारखा.

हिचा भिवंडीचा मामा फोनवर म्हणाला,
'पर्यावरण म्हणजे झाडं लावायची ना? त्याला डिग्री कशाला?
कॉम्प्युटर घे म्हणावं.'
हिची आई धागा तोडत म्हणाली,
'झाडं तरी कुठली, ही गवत मोजून आली.'

खरं आहे ते. कॉलेजनं नान्नजला नेलं होतं,
माळढोक बघायला. पहाटेपासून दुपारपर्यंत
माळावर पालथे पडून राहिले सगळे.
पक्षी आला नाही.
ही परतली ती सलवारीला कुसळं घेऊन,
आणि वहीत पवन्या, मारवेल, शेडा,
एका चौरस मीटरमध्ये कुठलं किती.
शेवटच्या रकान्यात, माळढोक: शून्य.
मी म्हटलं, दिसलाच नाही तर लिहिलंस कशाला?
'शून्यपण लिहायचं असतं, नान्ना.
नाहीतर पुढच्याला वाटेल, कुणी बघायलाच गेलं नव्हतं.'

ते वाक्य डोक्यात घेऊन मी दोन पाळ्या केल्या.

कारण बारावीत हिनं एक बाटली आणली होती,
आमच्याच नाल्याची, प्रोजेक्टला.
चिठ्ठी चिकटवलेली: तारीख, वेळ, ठिकाण.
ठिकाणात मालकाचं नाव.
ती झोपल्यावर मी बाटली मोरीत रिकामी केली.
मोरी जाते त्याच नाल्याला.
सकाळी ती काही बोलली नाही.
मीही नाही. डबा उचलला,
कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि कामावर गेलो.
प्रोजेक्ट मग तिनं फुलपाखरांवर केला.

'गवताचं टाकू का पहिलं?'
'तुला आवडतंय ते टाक. माझ्यासाठी काही वगळू नको.
ते तिसरं, सांडपाण्याचं... ते परत वाच.'
वाचलं. या खेपेला मोठ्यानं.
'शिकवतात काय त्यात?'
'कुठला रंग पाण्यात किती दिवस राहतो, ते.'
'मग मला विचार की.
कुठल्या पिंपातलं किती वाजता सोडतात,
मीठ किती, सोडा किती, सगळं सांगतो.
फक्त वहीत माझं नाव—'
'नाव नाही लिहीत. रंगारी, वय चौपन्न.'
'त्रेपन्न.'
तिनं खरोखर खोडून त्रेपन्न केलं.

नळ खोकला.
सगळे उठलो. मोबाइल तांदळाच्या डब्यावर उपडा,
फॉर्म अर्धाच.
पहिलं पाणी गंजकं, लालसर,
ते आम्ही नेहमी सोडून देतो.
मी घागर मागं घेतली,
तर ही म्हणते, थांबा जरा, हेच पाहिजे,
आणि कुठनं काढली काय माहीत,
रिकामी बाटली धरली नळाखाली.